अ‍ॅप घेण्यापूर्वी सभासद नोंदवही पाहा

साठी गाठलेल्या, आठशे सभासदांच्या मंडळाचे चिटणीसपद नुकतेच आपल्या हाती आले असून सभासदत्व ऑनलाइन करण्यासाठी कोणते अ‍ॅप घ्यावे, हा आपला प्रश्न वाचला आणि आमच्या नाट्यमंडळाचा चिटणीस असतानाचे माझे दिवस आठवले. अ‍ॅपबद्दल मी काही सांगणार नाही; वर्गणी घेऊन पावती पाठवण्याचे काम कोणतेही बरे अ‍ॅप करते. मला सांगायचे आहे ते त्याआधीच्या कामाविषयी, जे मी दोन रविवारांत उरकले आणि पुढे तीन वर्षे निस्तरत बसलो.

जुन्या नोंदवहीतून एक्सेलमध्ये माहिती उतरवताना मी नाव, पत्ता आणि मोबाइल एवढेच रकाने ठेवले. प्रवेशाची तारीख, पावती क्रमांक, आजीव की वार्षिक, प्रवेश मंजूर करणाऱ्या ठरावाचा क्रमांक, हे सारे ‘वहीत आहेच’ म्हणून सोडून दिले. पुढे रंगकामासाठी कपाट हलवले गेले आणि पावसाळ्यानंतर वही सापडली तेव्हा तिची मधली पाने एकमेकांना चिकटून त्यांवरची शाई पसरली होती.

त्यानंतरच्या निवडणुकीवर पराभूत गटाने हरकत घेतली. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही, किंबहुना तो सभासद म्हणून मोजलाच जात नाही. मतदान केलेल्या चाळीसएक जणांनी वर्गणी कधीपर्यंत भरली होती, याचे उत्तर आमच्या एक्सेलमध्ये नव्हते. नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचे धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवणारा अर्ज, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे आम्ही ९० दिवसांच्या आत दाखल केला होता, तरी हरकतीमुळे तो रेंगाळला.

खरा छळ मात्र बँकेने केला. शाखेचे नाव सांगत नाही. मंजुरीचा आदेश मिळेपर्यंत सह्या बदलणार नाही, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. पण तोवर काय करावे हे लेखी विचारणारे आमचे पत्र घ्यायलाच कोणी तयार नव्हते आणि साहेब कायम रजेवर असत. जुन्या दोघा सहीदारांपैकी एक मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले होते. क्यूआर कोडवरून वर्गणी क्षणात जमा होई आणि तालमीच्या जागेचे भाडे देण्यासाठी चेकबुक कुरिअरने आठ-आठ दिवस प्रवास करी.

मी वकील नाही आणि आपल्या मंडळाच्या घटनेतील तरतुदी वेगळ्या असू शकतात, तेव्हा लेखापरीक्षकांना विचारूनच पुढे जा. माझे मत असे की आधी नोंदवहीचे प्रत्येक पान स्कॅन करावे, नोंदी पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींशी ताडून पाहाव्यात, दिवंगतांची नावे न पुसता त्यांपुढे तारीख घालावी आणि तयार झालेली यादी वार्षिक सभेपुढे ठेवून, हरकती मागवून, त्याची इतिवृत्तात नोंद करावी. यात सहा महिने गेले तरी जाऊ द्यावेत. ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक चिटणिसाचा खाजगी नसावा, हे ओघाने सांगतो. तसेच सभेची सूचना टपालाने द्यावी असे घटनेत असेल, तर घटनादुरुस्ती होईपर्यंत केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

आपली मूळ नोंदवही सध्या कोणाच्या ताब्यात आहे आणि पावती पुस्तके कोणत्या वर्षापासूनची शिल्लक आहेत, हे कळवल्यास पुढचे सविस्तर सांगता येईल.