पावसाळी ढगांतून उपग्रहाला समुद्रातली जहाजं कशी दिसतात? एआयएस बंद केलेलं जहाजही सापडतं का?

हो, मोठं असेल तर बहुतेक वेळा सापडतं. एआयएस म्हणजे जहाजाने स्वतःहून कळवलेला ठावठिकाणा. तो कळवणं थांबवता येतं. रडार उपग्रह जहाजाला काही विचारतच नाही. तो स्वतः रेडिओ लहरी सोडतो आणि परत आलेल्या टिपतो. मी सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या प्रतिमा वापरतो, त्या कोणालाही मोफत मिळतात. त्याच्या लहरींची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर, त्यामुळे ढग आणि अंधार आड येत नाहीत. जुलैत मुंबईसमोरचा समुद्र साध्या कॅमेऱ्याला दिवसेंदिवस दिसत नाही, तेव्हा याचं मोल कळतं.

शांत पाण्यावर तिरकी आलेली लहर पुढेच निघून जाते, म्हणून समुद्र काळा दिसतो. जहाजाची उभी लोखंडी बाजू आणि पाणी यांच्या काटकोनात मात्र ती दोनदा आपटून आल्या वाटेने परत फिरते. काळ्यावर पांढरा ठिपका उमटतो.

खरी मेहनत पुढे आहे: जहाज नसलेले ठिपके गाळण्याची. वारा सुटला की पाणीही उजळतं, त्यामुळे सगळ्या प्रतिमेला उजेडाची एकच मर्यादा लावून भागत नाही. प्रत्येक बिंदू त्याच्याच आसपासच्या पाण्याशी ताडून पाहावा लागतो. तुलना करताना बिंदूला लागून थोडी जागा सोडायची, नाहीतर मोठ्या जहाजाचा स्वतःचाच उजेड 'पाणी' म्हणून मोजला जातो. या पद्धतीला सीफार म्हणतात. उभी कंपणारी लहर पाठवून परतीचा आडवा कंपणारा भाग टिपलेली प्रतिमा घेतली, तर लाटांचा गोंधळ बराच कमी होतो. मी सुरुवात तिथूनच करतो.

तरीही चकवे राहतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय तेलक्षेत्रातले तेल उपसण्याचे फलाट मी आधी जहाजं म्हणूनच मोजले होते. १२ दिवसांनी उपग्रह त्याच वाटेने आला, तेव्हा ते जागचे हललेले नव्हते. नांगर टाकलेलं जहाजही हलत नाही, म्हणून दोन प्रतिमांवर विसंबू नका, चार-पाच पाहा. किनाऱ्यावरच्या उंच इमारतींची फिकट भुतं काही किलोमीटर दूर पाण्यावर उमटतात, तीही गाळावी लागतात. धावतं जहाज तर त्याच्याच पाण्यातल्या मागपट्ट्यापासून कधी काहीशे मीटर बाजूला दिसतं. ते चूक समजून पुसू नका. त्या अंतरावरून वेगाचा अंदाज बांधता येतो.

या प्रतिमेतला एक बिंदू म्हणजे पाण्यावरचे १० मीटर. लहान लाकडी किंवा फायबरची होडी त्यात सहसा हरवते, म्हणून 'समुद्र रिकामा आहे' असं रडारवरून कधीच म्हणू नये.

शेवटी त्याच वेळेच्या एआयएस नोंदींशी ठिपके जुळवायचे. न जुळलेले तुमच्या प्रश्नातले. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात जगातल्या मोठ्या मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अशीच, सार्वजनिक नोंदींत नसलेली निघाली. त्या सगळ्यांना चोर ठरवू नका. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एआयएसची सक्ती मुख्यतः परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना आहे. मासेमारी जहाजांचे नियम देशागणिक वेगळे असतात.