जुन्या टी६० मध्ये नव्या पिढीचा बोर्ड बसेल का?

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालचा थिंकपॅड टी६० आहे. त्याचा १५ इंची, १६०० बाय १२०० बिंदूंचा पडदा आणि कीबोर्ड मला सोडवत नाहीत. पण ४ जीबी रॅम घालूनही सुमारे ३ जीबीच दिसते. मदरबोर्ड (आतील मुख्य सर्किट बोर्ड) बदलून हा लॅपटॉप पुढे वापरता येईल का?

उत्तर : येईल. आपल्या बोर्डावरील इंटेल ९४५ मालिकेचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसर, रॅम व इतर भाग जोडणाऱ्या चिप, ४ जीबीपलीकडचे पत्ते (रॅममधील जागांचे क्रमांक) हाताळू शकत नाही आणि त्यातलाही काही भाग इतर उपकरणांसाठी राखीव जातो; त्यामुळे ६४-बिट प्रणाली घातली तरी ही मर्यादा हटत नाही. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे २००७ च्या टी६१ चा बोर्ड, मात्र तो १४ इंची, ४:३ (रुंदी-उंचीचे प्रमाण) पडद्याच्या टी६१ चाच हवा. रुंद पडद्याच्या टी६१ चा बोर्ड या सांगाड्यात बसत नाही. योग्य बोर्डासाठीसुद्धा आतील प्लास्टिक थोडे कापावे लागते आणि पंखा व हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) त्याच बोर्डाचे घ्यावे लागतात. रॅम मग ८ जीबीपर्यंत चालते.

खरी पारख ग्राफिक्स चिपची करावी. टी६१ च्या अनेक बोर्डांवर एनव्हिडियाची क्वाड्रो एनव्हीएस १४० एम ही चिप आहे. त्या काळातील काही मोबाइल चिप सदोष असल्याचे २००८ मध्ये एनव्हिडियानेच जाहीर केले होते. वारंवार तापण्या-निवण्याने चिपखालचे बारीक जोड तडकतात आणि पडद्यावर आधी रेघा दिसून शेवटी काळोख होतो. म्हणून वेग थोडा कमी मिळाला तरी इंटेलचेच ग्राफिक्स असलेला बोर्ड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना बोर्ड घेताना तो चालू करून बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत) शिरून पाहावे, कारण ती कुलूपबंद करणारा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच साठवलेला असतो आणि सेल काढल्याने तो पुसला जात नाही.

चीनमधील ५१एनबी या हौशी मंडळींच्या गटाने जुन्या सांगाड्यांसाठी नवे बोर्डही घडवले. एक्स६१ या दुसऱ्या थिंकपॅडच्या सांगाड्यासाठी पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा एक्स६२ आणि टी६० च्या घाटाचा टी७० हे त्यांतलेच. ते थोड्या संख्येने निघालेले असल्याने सुटे भाग व दुरुस्ती यांची जबाबदारी बहुतांशी आपल्यावरच येते. रोजच्या कामाचा हा एकमेव लॅपटॉप असेल, तर टी६१ चाच बोर्ड बसवावा आणि टी६० चा मूळ बोर्ड जपून ठेवावा.