राउटर नवा, तरी वायफाय तुटतंच

प्रश्न : राउटर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सगळे दिवे विझतात, मग एकेक लागतात. राउटर नवा आणला, अडॅप्टर जुनाच लावला. दोष कुठे असेल?

उत्तर : 'अडॅप्टर जुनाच' हे शब्द वाचले आणि मी तिथेच थांबलो. अठरा वर्षं ही यंत्रं दुरुस्त करतोय. सगळे दिवे एकदम विझतात म्हटलं की मी आधी अडॅप्टर तपासतो. त्यातला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, उष्णतेने हळूहळू सुकत जातो. नुसता अडॅप्टर मल्टिमीटरवर मोजला तर १२ व्होल्ट नीट दिसतात, कारण त्यावर भारच नसतो, म्हणजे वीज ओढणारं काही जोडलेलंच नसतं. घरातली चार उपकरणं एकदम डेटा ओढू लागली की राउटरला जास्त करंट लागतो, व्होल्टेज घसरतं आणि तो रीस्टार्ट होतो. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट आणि पिनची ध्रुवता (धन कुठे, ऋण कुठे) राउटरला लागते तंतोतंत तीच हवी. अँपिअर जास्त असले तरी चालतील. जुना मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जोरदार धक्का बसेल इतकी वीज उरू शकते.

दिवे चालू राहून फक्त वायफाय जात असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या लहरींच्या पट्ट्यावर चॅनेल १, ६, ११ यांपैकी मोकळा निवडा. राउटरला यूएसबी ३.० हार्ड डिस्क लावली आहे का, तेही बघा. तिच्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा गोंगाट याच पट्ट्यात पडतो. एका घरी तीन तास शोधाशोध केल्यावर मी ती डिस्क काढली, आणि खोलीच्या टोकाचा लॅपटॉप लगेच जोडला गेला.