सगळ्या पिना बसल्या, तरी कोअर का फिरत नाही?

बदलत्या कोअरचं कुलूप (ज्याचा चावी घालायचा अख्खा भाग, म्हणजे कोअर, काढून बदलता येतो) चावीशिवाय उघडायचा सराव करताना सहाही पिना टक्‌टक् करत बसल्या आणि प्लग (चावीबरोबर फिरणारा आतला गोल भाग) तसूभरही हलला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या हाताचा दोष नाही. बदलत्या कोअरच्या कुलपाची रचनाच तशी आहे.

साध्या पिन टंबलर कुलपात शिअर लाइन, म्हणजे पिना जिथे जुळल्या की प्लग मोकळा होतो ती रेषा, एकच असते, इथे दोन. प्लगभोवती एक स्लीव्ह (नळीसारखं वेष्टण) असते आणि तिला छोटा कान. तो कानच कोअरला कुलपात अडकवून ठेवतो. रोजच्या चावीने पिना प्लग आणि स्लीव्हच्या मधल्या रेषेवर जुळतात आणि नुसता प्लग फिरतो. कंट्रोल चावीने, म्हणजे कोअर काढायच्या वेगळ्या चावीने, पिना स्लीव्हच्या बाहेरच्या रेषेवर जुळतात. मग प्लग आणि स्लीव्ह मिळून साधारण १५ अंश फिरतात, कान आत जातो आणि अख्खा कोअर बाहेर ओढता येतो.

अशा कोअरच्या पिनांची मापं ठरवायची एक पद्धत म्हणजे ए-२. तिचा हिशोब एकदा कागदावर मांडाच, मला तरी त्यानंतरच हे कुलूप कळलं. एक पायरी ०.०१२५ इंचाची. दोन रेषांत १० पायऱ्यांचं अंतर. एका भोकातल्या पिनांच्या आकड्यांची बेरीज २३. समजा त्या भोकापुरता रोजच्या चावीचा काप ३ आणि कंट्रोलचा ५, मास्टर पिन (मास्टर चावीसाठीची जादा पिन) नाही. मग खालची पिन ३, कंट्रोल पिन ५ + १० − ३ = १२, आणि वरची उरलेली ८.

आता तुमची अडचण. साधा टेन्शन रेंच (पिना उचलताना ताण द्यायची पट्टी) प्लगला पीळ देतो, पण आडव्या आलेल्या पिनांतून तोच पीळ स्लीव्हलाही पोचतो. त्यामुळे समजा दोन पिना आतल्या रेषेवर अडकतात, चार बाहेरच्या. टक् दोन्हीकडे सारखंच वाजतं! सगळ्या एकाच रेषेवर आल्याशिवाय काहीच फिरणार नाही.

उपाय स्लीव्हच्या तळाशी आहे. कीवेमधून (चावी घालायच्या फटीतून) टॉर्च मारून पाहा, खाली बारीक भोकं दिसतील. पिना ठोकून बाहेर काढायला ती ठेवलेली असतात. दातेरी टेन्शन रेंचचे दात त्यांत बसवले की पीळ थेट स्लीव्हवर येतो आणि पिना फक्त कंट्रोल रेषेवर अडकतात. तिथून पुढे नेहमीसारखंच: हलका ताण, अडणारी पिन शोधायची, जरा उचलायची. दात भोकातून निसटू देऊ नका, निसटले की सगळं पहिल्यापासून.

सराव मात्र स्वतःच्या, दारावर नसलेल्या कोअरवरच करा.