अब्दुल बासित यांचा आवाज

प्रश्न : लहानपणी रमजानमध्ये शेजारच्या घरी टेपवर कुराणपठण लागायचं. वाद्य नाही, ताल नाही, एकच आवाज आणि दम केवढा लांब! कॅसेटवर 'अब्दुल बासित' लिहिलेलं होतं. हे मशिदीतले इमाम होते का? मग आपल्याकडचे इमाम नमाजात असं का पढत नाहीत? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, माझे अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात पेश-इमाम होते. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, पढवून घरी आले की तेही हाच आवाज लावून बसत.

अब्दुल बासित अब्दुस्समद यांचं नाव झालं ते कारी म्हणून, म्हणजे कुराणाची तिलावत, पठण करणारे. जन्म १९२७चा, इजिप्तच्या दक्षिणेला अर्मंतजवळचा. कुराण लहानपणीच तोंडपाठ झालं. १९५० साली कैरोच्या सैयदा झैनब मशिदीत त्यांना दहाच मिनिटं पढायला सांगितलं होतं. लोकांनी तासाहून जास्त वेळ उठू दिलं नाही, असं सांगतात. पुढच्याच वर्षी ते इजिप्तच्या रेडिओवर आले आणि तिथून जगभर पोचले. १९८८मध्ये वारले.

आता तुमचा खरा प्रश्न. कुठलं अक्षर घशातून, कुठलं जिभेच्या टोकावरून, कुठला स्वर किती लांबवायचा, हे तज्वीदचे नियम कारी आणि इमाम दोघांनाही सारखेच. पण कारी बैठकीत 'मुजव्वद' ढंगात पढतो, तेव्हा तीच आयत, म्हणजे कुराणातली ओळ, पुन्हा घेतो, वर चढवतो, थांबतो. ऐकणारे भारावून 'अल्लाह!' म्हणतात. इमामाच्या मागे माणसं उभी असतात. नमाज पढवणाऱ्यानं ती हलकी ठेवावी, कारण मागे अशक्त, आजारी, म्हातारे असतात, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्येच आहे. मी एकदा अब्बांना विचारलं, तुम्ही तसं का नाही पढत? ते म्हणाले, "पहिल्या रांगेतल्या चाचांचे गुडघे दुखतात रे." एवढं सुंदर उत्तर मला नंतर कुठल्या आलिमाकडूनही, धर्माच्या विद्वानाकडूनही मिळालं नाही.

जमलं तर अब्दुल बासित यांची सूरा तक्वीर, म्हणजे कुराणातला तक्वीर हा अध्याय, ऐका. 'सूर्य गुंडाळला जाईल जेव्हा' इथून सुरुवात होते. बारा वेळा 'जेव्हा' येतं, वाक्य लोंबकळत राहतं, आणि चौदाव्या आयतीत पुरं होतं : तेव्हा प्रत्येक जिवाला कळेल, आपण काय घेऊन आलोय. अब्बा तिथे टेप थांबवत, मागे घेत आणि पुन्हा लावत.