सिंफनी ऐकायला पहिल्यांदाच मुंबईला जातोय. टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

नागपूरहून मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात बीथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली अनेक भागांची रचना, ऐकायला चाललात आणि चुकीच्या वेळी टाळी पडेल याची धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी धंतोलीचा. माझं पहिल्याच खेपेला हसं झालं होतं, तेव्हा अनुभवानं सांगतो.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीचा मांडव आणि किशोरकुमारची गाणी. मीही तेवढ्याच तयारीनं दुरांतोत बसलो. एनसीपीएच्या भाभा थिएटरात पहिला धक्का म्हणजे माइक नाही, स्पीकर नाहीत. एक ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) 'ए' हा स्वर धरतो, त्यावर सगळे आपापली वाद्यं लावून घेतात आणि मिनिटाभरात शांत. वसंतराव देशपांडे सभागृहात तबला लागेपर्यंत आपला अर्धा चहा होतो!

पाचवीचे भाग चार, एकूण साधारण अर्धा तास. ते 'ट ट ट टाऽऽ' तुम्ही कुठेतरी ऐकलेलं असणारच. पहिला भाग नुसता अंगावर येतो. आणि त्या धबडग्यात एकदम सगळे थांबतात; एकटा ओबो एवढीशी आलापी करतो, लयीबियीची पर्वा न करता. माझ्या तोंडून निघालं, "क्या बात है!" बऱ्यापैकी मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून असं पाहिलं की जणू मी तिथं तर्री-पोह्याची प्लेट उघडली.

तर नियम असा: भाग संपला तरी गप्प, चारही संपले की टाळ्या. मधल्या शांततेत लोक मनसोक्त खोकून घेतात, ते चालतं. शंका आली तर कंडक्टरचे, म्हणजे समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणाऱ्याचे, हात बघा. ते पूर्ण खाली येऊन तो वळला, की वाजवा.

पण हा नियम काही बीथोव्हेनच्या काळचा नाही. बीथोव्हेनच्या आधीचा संगीतकार मोझार्ट, त्यानं १७७८ साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय: नव्या सिंफनीच्या पहिल्या भागात लोकांना आवडेल अशी एक जागा त्यानं ठेवली होती आणि लोकांनी बरोबर तिथंच टाळ्या दिल्या. गडी खूश! बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग तर १८१३ साली पहिल्याच प्रयोगात वन्समोअर झाला. म्हणजे दाद द्यायची आपली खोड अगदीच गावंढळ नाही. फक्त आता ती गिळायची असते, आणि बैठकीची सवय असलेल्याला ते जड जातं बाप्पा.

तिकीट बाल्कनीचं घेतलंत तरी हरकत नाही, उलट वरून सगळे वाजवणारे दिसतात. वेळेवर पोचा, उशीर झाला तर मध्येच आत सोडत नाहीत. कुर्ता चालतो. आपण उन्हाळ्यातून जाणारे, एसीत कुडकुडतो, तेव्हा एखादी शाल असू द्या.

वरून मागच्या बाजूला तीन ट्रॉम्बोनवाले (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) शोधा. तीन भाग ते नुसते बसून असतात, एक स्वर नाही. तिसरा भाग संपतासंपता सगळं दबकं होतं, टिंपनी (मोठे नगारे) हळूहळू ठोके देत राहते आणि चौथा भाग न थांबता सुरू होतो. ते तिघं वाद्यं ओठांशी नेताना दिसले की खुर्चीचे हात घट्ट धरा.