पानं शिवणाऱ्या मुंग्या: वाचकांचे प्रश्न

झाडावर पानांचा गोळा करून राहणाऱ्या लालसर मुंग्या पानं जोडायला धागा आणतात कुठून?

पिल्लांकडून! या विणकर मुंग्या. मोठ्या कामकरी मुंग्या रांगेने उभ्या राहून दोन पानांच्या कडा ओढून धरतात. अंतर जास्त असलं, तर एकमेकींची कंबर जबड्यात पकडून साखळी करतात. मग बाकीच्या जणी वाढ पूर्ण होत आलेल्या अळ्या तोंडात धरून आणतात. अळीचं तोंड आधी या कडेला टेकवायचं, मग त्या कडेला. अळी रेशीम सोडत जाते आणि मुंगी तिला धोट्यासारखी फिरवत राहते. इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःच्या कोषासाठी वापरतात. इथे ते घर बांधण्यात जातं, म्हणून यांच्या पिल्लांभोवती कोष नसतोच, ती उघडीच राहतात. बालमजुरीच म्हणायची ही.

एकाच घरट्यात लहान आणि मोठ्या मुंग्या आहेत. दोन जाती का?

नाही, सगळ्या कामकरीच. मोठ्या 8 ते 10 मिलिमीटरच्या. शिकार, बांधकाम आणि राखण त्यांच्याकडे. लहान त्यांच्या साधारण निम्म्या, त्या बहुतेक घरातच राहून अळ्या सांभाळतात.

चावल्यावर इतकी आग का होते?

त्यांना नांगी नसते. जबड्याने चावतात आणि पोट वळवून त्याच जागी फॉर्मिक आम्ल सोडतात.

फळझाडावर त्या राहू द्याव्यात का?

शक्य तोवर राहू द्याव्यात. दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय झाडांवर त्यांची घरटी मुद्दाम सोडण्याची पद्धत हजार वर्षांहून जुनी आहे. काजूवरच्या ढेकण्या या किडीलाही त्या आवर घालतात. पण त्या काही आपल्यासाठी राबत नाहीत. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून पाझरणारा गोड द्रव त्यांना हवा असतो, म्हणून या किडींच्या शत्रूंना त्या हुसकावून लावतात. फांद्यांवर खवले कीड माजलेली दिसली, तर हिशेब पुन्हा मांडा. शिवाय फुलांवर येणाऱ्या काही परागवाहक कीटकांनाही त्या पळवतात.

इतक्या तिखट मुंग्यांच्या घरात शिरायची कुणाची हिंमत होते का?

होते तर! लिफायरा ब्रासोलिस या फुलपाखराची अळी थेट घरट्यात राहून मुंग्यांची पिल्लं खाते. तिची कातडी चामड्यासारखी जाड आणि अंग चपटं असतं. कडा पानाला घट्ट टेकवून बसली, की मुंगीला जबडा घालायला जागाच सापडत नाही. तिथेच, जुन्या कातडीच्या आत, ती कोशात जाते. बाहेर पडणाऱ्या फुलपाखराला तसं चिलखत नसतं, पण त्याच्या अंगावर सहज सुटणारे खवले असतात. हल्ला करणाऱ्या मुंगीच्या तोंडात नुसते खवलेच येतात आणि फुलपाखरू निसटतं.

घराबाहेर आणखी एक सोंगाड्या असतो. ॲमिसिया नावाचा कोळी रंगरूपाने याच मुंगीसारखा दिसतो. पोटाच्या टोकावरचे दोन काळे ठिपके तर हुबेहूब तिचे डोळे वाटतात. तो एकट्यादुकट्या मुंगीला गाठून खातो. रांगेपासून बाजूला घुटमळणारी ‘मुंगी’ दिसली, तर तिचे पाय मोजून बघा. आठ भरले, तर समजा हाच तो.